आंतरविद्याशाखीय संशोधन व पदव्युत्तर शिक्षण : एक चिकित्सा
(विशेष संदर्भ : यवतमाळ जिल्ह्यातील कापूस)

प्रस्तावना

विद्यापीठीय शिक्षणाविषयीच्या अलीकडील लेखनात ‘आंतरविद्याशाखीय’ हा शब्द इतक्या वेळा येतो की त्याचा अर्थ विचारणे हेच आता अज्ञानाचे लक्षण ठरू लागले आहे. चर्चासत्राची विषयपत्रिका, नॅकसाठी सादर करावयाचा अहवाल, नव्या अभ्यासक्रमाचे प्रास्ताविक, पीएच.डी.चा संशोधन आराखडा यांपैकी कोठेही तो आढळला नाही तर लेखन अपुरे राहिल्यासारखे वाटते. प्रस्तुत लेखात या शब्दामागील व्यवहाराची चिकित्सा करावयाची आहे. विद्याशाखांना एकत्र आणण्याचे आपले बहुतेक प्रयत्न रचनेच्या अंगाने झाले, प्रश्नाच्या अंगाने झाले नाहीत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. यवतमाळसारख्या जिल्ह्यात या उणिवेची किंमत केवळ शैक्षणिक नाही, हेही येथे मांडावयाचे आहे.

लोहारा हे यवतमाळ शहराला लागून असलेले गाव. येथील औद्योगिक वसाहतीत डेनिमचे कापड विणणारी मोठी गिरणी आहे, आणि वस्ती मागे पडली की पऱ्हाटीची वावरे सुरू होतात. प्रस्तुत लेखकाच्या वर्गातील काही विद्यार्थी वसाहतीतील रात्रपाळी करून सकाळच्या तासाला येतात, तर काही वेचणीच्या दिवसांत महिनाभर वर्गात दिसत नाहीत. म्हणजे कापूस या एका वस्तूची दोन्ही टोके एकाच बाकावर बसलेली असतात. त्याच विद्यार्थ्यांना आपण मात्र कापूस तुकड्यातुकड्यांनी शिकवितो. वनस्पतिशास्त्रात त्याचे कुळ, प्राणिशास्त्रात त्यावरील कीड, अर्थशास्त्रात त्याचा हमीभाव आणि मराठीत, फार तर, ग्रामीण कादंबरीतील शेतकऱ्याचे दुःख. हे चार तुकडे विद्यार्थ्याच्या डोक्यात आपोआप जुळतील अशी आपली समजूत आहे. ते जुळत नाहीत, हा अध्यापनाचा अनुभव आहे.

शेजार आणि संवाद

‘बहुविद्याशाखीय’ आणि ‘आंतरविद्याशाखीय’ या दोन संज्ञा आपण सर्रास एकमेकींच्या जागी वापरतो. पहिलीत अनेक विषय शेजारी-शेजारी असतात. दुसरीत एका विषयाच्या निष्कर्षामुळे दुसऱ्या विषयाला आपला प्रश्न बदलावा लागतो. शेजारी राहणारी दोन कुटुंबे वर्षानुवर्षे एकमेकांच्या घरात न डोकावता राहू शकतात, तसेच विषयांचेही आहे.

या कसोटीवर आपली संशोधनपत्रिका पाहिली तर काय दिसते? महाविद्यालयाच्या बहुविद्याशाखीय नियतकालिकात संत साहित्यावरील लेखानंतर मृदेच्या सामूवरील लेख येतो आणि त्यानंतर बँकांच्या थकीत कर्जावरील. प्रत्येक लेखाचा लेखक आपला लेख वाचतो, आपल्या लेखाची प्रत फाईलला लावतो आणि अंक कपाटात जातो. मृदेवरील लेख मराठीच्या प्राध्यापकाने वाचला, त्यावर काही शंका काढली आणि पुढील अंकात त्या शंकेला उत्तर आले, असे किती वेळा घडते? प्रस्तुत लेखही अशाच नियतकालिकात प्रसिद्ध होत आहे, त्यामुळे ही टीका स्वतःला वगळून केलेली नाही.

एकदिवसीय राष्ट्रीय चर्चासत्रांची स्थिती याहून वेगळी नाही. विषय इतका व्यापक ठेवलेला असतो की त्यात काहीही मावते, आणि काहीही मावत असल्यामुळे चर्चा कशाचीच होत नाही. दुपारच्या जेवणानंतर समांतर सत्रे सुरू होतात, तेव्हा प्रत्येक विषयाचे लोक आपापल्या खोलीत जातात. वास्तविक त्या दिवसातील एकमेव आंतरविद्याशाखीय प्रसंग जेवणाच्या रांगेत घडलेला असतो.

कायद्यातील चौथी विद्याशाखा

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून अमलात आला. पूर्वीच्या अनेक विद्याशाखांच्या जागी या अधिनियमाने चार विद्याशाखा ठेवल्या : विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. चौथ्या विद्याशाखेचे नाव वाचून प्रथमदर्शनी समाधान वाटते. परंतु तिच्यात कोणते विषय गेले हे पाहिले असता निराळे चित्र समोर येते. शिक्षणशास्त्र, शारीरिक शिक्षण, ग्रंथालय व माहितीशास्त्र यांसारखे, पहिल्या तिन्हींत सहज न बसणारे विषय तेथे एकत्र आले. हे विषय कमी प्रतीचे आहेत असे मुळीच नाही. शिक्षणशास्त्र तर स्वभावतःच मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांच्या आधाराने उभे आहे. आक्षेप आहे तो वर्गीकरणावर. जी गोष्ट चारही विद्याशाखांच्या मधल्या वाटेवर असावयास हवी होती, तिलाच एक स्वतंत्र खोली देण्यात आली. खोली दिली की दार येते, अभ्यासमंडळ येते, अधिष्ठाता येतो. आणि उरलेल्या तिघींना ‘ते काम चौथीचे’ असे म्हणण्याची मुभा मिळते.

विद्याशाखा कमी केल्याने भिंती कमी होतात हा समज प्रशासकीय आहे. मराठी आणि अर्थशास्त्र आज एकाच मानव्यविद्या शाखेत आहेत, म्हणून या दोन विभागांनी मिळून एखादी प्रश्नावली तयार केली आहे असे सहसा आढळत नाही.

येथे आपल्या भागातील आणखी एक वस्तुस्थिती ध्यानात घ्यावी लागते. यवतमाळ जिल्ह्यातील कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत. हे विद्यापीठ १ मे १९८३ रोजी नागपूर विद्यापीठातून वेगळे झाले. कृषिशिक्षण आणि कृषिसंशोधन १९६९ पासून अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आहे. वैद्यकीय महाविद्यालय नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत, तर पशुवैद्यक नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे. एका कास्तकाराच्या वावरातील पीक अकोल्याच्या वाट्याला, त्याचा बैल नागपूरच्या, त्याचे शरीर नाशिकच्या आणि त्याची भाषा, त्याचे कर्ज, त्याचा इतिहास अमरावतीच्या वाट्याला आला आहे. या विभागणीला प्रशासनाच्या दृष्टीने सबळ कारणे असतील, पण चार अधिनियमांच्या हद्दी ओलांडून दोन संशोधकांनी एका बांधावर उभे राहावे अशी वाट कोणत्याही परिपत्रकात सहज सापडत नाही.

विभागाबाहेरचे विद्वान आणि एका गावाचे उत्खनन

आंतरविद्याशाखीय अभ्यासाची परंपरा मराठीत नाही असे नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गांवगाडा’ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. महसूल खात्यात काम करताना पाहिलेले खेडे त्यांनी त्यात मांडले. ते अर्थशास्त्र आहे, समाजशास्त्र आहे की शब्दसंग्रह आहे, हे ठरविता येत नाही आणि ठरविण्याची गरजही भासत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) हे गणिती. त्यांनी आहत नाण्यांची वजने संख्याशास्त्राच्या कसोटीवर तपासली, भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली आणि १९४४ मध्ये जनुकीय अंतर मोजण्याचे एक सूत्र मांडले, जे आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. परंतु या दोघांचे दाखले देताना आपण एक गोष्ट विसरतो. आत्रे विद्यापीठात नव्हते आणि कोसंबी इतिहासाच्या कोणत्याही विभागात नव्हते. त्यांची विद्वत्ता वादातीत आहे, मात्र पदव्युत्तर शिक्षणाचा आदर्श म्हणून ती उपयोगी पडत नाही. एकट्याच्या प्रतिभेतून अभ्यासक्रम तयार होत नसतो.

त्यासाठी संस्थेचे उदाहरण पाहावे लागते, आणि ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये सापडते. १९३९ मध्ये ही संस्था पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाली, तेव्हा पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे एकाच आवारात होते. गुजरातेतील लांघणज येथील उत्खननात मानवी सांगाडे मिळाले, तेव्हा सूक्ष्मास्त्रे आणि सांगाडे यांचा विचार दोघांनी एकत्र केला, आणि १९४९ मध्ये त्यांचा संयुक्त लेख अमेरिकेतील मानवशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकात आला. दगड एकाचा विषय आणि हाड दुसरीचा, लेख मात्र दोघांचा.

याच परंपरेचे विस्तृत रूप म्हणजे पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगावचे उत्खनन. १९६८ ते १९८३ या काळात तेथे टप्प्याटप्प्याने काम झाले. म. के. ढवळीकर, सांकलिया आणि झै. दा. अन्सारी यांचा प्रमुख अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. ताम्रपाषाण काळातील या गावात शंभराहून अधिक घरांचे अवशेष उघडे झाले. खापरे पुरातत्त्वज्ञांनी पाहिली, जळालेले धान्य वनस्पतींच्या अभ्यासकांनी, जनावरांची हाडे प्राणिशास्त्राच्या जाणकारांनी आणि कुंभांत पुरलेल्या बालकांचे सांगाडे शारीर मानवशास्त्रज्ञांनी. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास चौकोनी, ऐसपैस घरांच्या जागी गोल झोपड्या का आल्या, हा प्रश्न केवळ वास्तुरचनेचा राहिला नाही. पाऊसमान घटल्याने शेती खालावली आणि लोक अर्धभटके झाले, हे ढवळीकरांचे स्पष्टीकरण धान्याचे दाणे आणि हाडे यांच्या साक्षीशिवाय उभेच राहू शकले नसते. त्या स्पष्टीकरणावर पुढे मतभेदही झाले. पण मतभेद करण्यासाठी लागणारा सर्व पुरावा एका ठिकाणी, एका प्रश्नाभोवती मांडलेला होता, हे महत्त्वाचे.

इनामगावमध्ये कोणीही आपला विषय सोडला नाही. धान्य पाहणारा धान्यच पाहत होता. फक्त त्याला माहीत होते की आपला दाणा कोणत्या घरातून, कोणत्या थरातून आला आहे आणि शेजारचा माणूस त्याच थरातील हाडाविषयी काय म्हणतो आहे. आंतरविद्याशाखीयता म्हणजे एकाने सर्व काही थोडे थोडे जाणणे, ही आपल्याकडील रूढ कल्पना येथे निकालात निघते.

तीन हजार वर्षांपूर्वीच्या गावाला जे मिळाले, ते आजच्या गावाला का मिळू नये?

फरदड : एक शब्द, तीन विभाग

कापसाची मुख्य वेचणी संपल्यावर पऱ्हाटी न उपटता तिला पाणी देऊन डिसेंबरनंतरही पीक ठेवणे, याला आपल्याकडे फरदड म्हणतात. गुलाबी बोंडअळीचे जीवन जवळजवळ पूर्णतः कापसावर अवलंबून आहे. वावरात हिरवे बोंड उरले की अळीला पुढील हंगामापर्यंत पोहोचण्याची सोय होते. म्हणून कृषी खाते दरवर्षी सांगते की फरदड घेऊ नका. कीटकशास्त्राच्या बाजूने हा सल्ला निर्विवाद आहे.

तरीही फरदड घेतली जाते. हे अज्ञानामुळे घडते, असे विस्तार अधिकाऱ्याला वाटते. अर्थशास्त्राचा विद्यार्थी त्याच वावरात गेला तर त्याला दिसेल की दिवाळीच्या सुमारास विकलेला कापूस उधारीत गेलेला आहे, मार्च अखेरीस पीककर्ज फेडावयाचे आहे, आणि मधल्या तीन महिन्यांत हाती रोकड येण्याचा दुसरा मार्ग नाही. मराठीचा विद्यार्थी गेला तर त्याच्या कानावर डोमकळी, कवडी, सरकी हे शब्द पडतील. अळी शिरलेल्या, न उमलणाऱ्या कळीला डोमकळी म्हणणारा समाज कीड ओळखत नाही असे कसे म्हणावे? मग प्रश्न ज्ञानाच्या अभावाचा राहत नाही. ज्ञान असूनही ते वापरता न येण्याचा होतो. असा प्रश्न प्राणिशास्त्राच्या प्रयोगवहीत, अर्थशास्त्राच्या तक्त्यात किंवा बोलीच्या कोशात सुटा सुटा मांडला तर तीनही ठिकाणी तो चुकीचा मांडला जाईल.

बीटी कापसाला २००२ मध्ये आणि त्याच्या दोन जनुकांच्या वाणाला २००६ मध्ये परवानगी मिळाली. २०१७ पर्यंत गुलाबी बोंडअळीने या दोहोंना दाद देणे थांबविल्याचे आपल्या शेतांतून स्पष्ट झाले. त्याच वर्षी या जिल्ह्यावर जे ओढवले ते या लेखामागील खरे कारण आहे.

‘औषध’

२०१७ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबर या महिन्यांत यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन किमान वीस शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात व अन्यत्र दाखल करावे लागले. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले गेले. पुढे काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली. प्रकरण स्वित्झर्लंडमधील न्यायालयापर्यंत पोहोचले.

त्या वेळी पुढे आलेली कारणे आज पुन्हा वाचताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते, ती ही की कोणतेही कारण एका विषयाच्या पोटात मावत नाही. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, त्यामुळे फवारा वरून खाली न पडता अंगावर येत होता : हे कृषिविद्येचे. अळीचा प्रादुर्भाव वाढल्याने दोन-तीन रसायने एकत्र करून मारली गेली : हे कीटकशास्त्राचे, आणि उधारीवर माल देणाऱ्या कृषी केंद्राच्या सल्ल्याचे म्हणून अर्थशास्त्राचेही. फवारणारा पुष्कळदा वावराचा मालक नव्हता, मजूर होता, आणि काही ठिकाणी त्याची मजुरी पंपांच्या संख्येवर ठरत होती. जितके पंप अधिक तितके पैसे अधिक, आणि श्वासात जाणारे विषही अधिक : हे समाजशास्त्राचे. प्रोफेनोफॉस किंवा मोनोक्रोटोफॉससारख्या ऑर्गनोफॉस्फेट वर्गातील द्रव्यांवर अॅट्रोपिन देता येते. सायपरमेथ्रीन किंवा डायफेन्थियुरॉन यांवर विशिष्ट उतारा नाही, लक्षणांवरच उपचार करावे लागतात : हे वैद्यकाचे. म्हणून रुग्णालयात डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, काय फवारले होते?

आणि येथे मराठीचा अभ्यासक अनपेक्षितपणे कामाचा ठरतो. आपल्या बोलीत कीटकनाशकाला शब्द आहे ‘औषध’. औषध मारणे म्हणजे फवारणी. औषध पिणे म्हणजे आत्महत्येचा प्रयत्न. आणि तापासाठी दवाखान्यातून आणलेल्या गोळीलाही औषधच. ‘कोणते औषध घेतले?’ या प्रश्नाचे उत्तर घाबरलेला नातेवाईक काय देईल, हे तो प्रश्न कसा ऐकतो यावर अवलंबून आहे. बाटलीवर इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषेत माहिती देण्याचा नियम आहे. विषाच्या तीव्रतेनुसार लाल, पिवळा, निळा व हिरवा असा रंगीत त्रिकोणही असतो. पण पत्रकातील अक्षर किती बारीक, त्यातील मराठी कोणाची, आणि ज्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या औषध म्हणत आलो त्याच्या त्रिकोणातील हिरव्या रंगाचा अर्थ ‘कमी विषारी’ असा घ्यावयाचा की ‘पिकाला चांगले’ असा, हे कोणी विचारले आहे? लाल रंग धोक्याचा हे सर्वांना कळते. हिरवा रंग सुरक्षिततेचा नाही, हे समजावून सांगावे लागते. भाषाविज्ञानाच्या एम.ए. अभ्यासक्रमात आपण अर्थविस्तार आणि अर्थसंकोच शिकवितो, आणि उदाहरणे देतो ती शंभर वर्षांपूर्वीच्या व्याकरणग्रंथांतील. ‘औषध’ या शब्दाचा अर्थविस्तार आपल्या आवाराच्या कुंपणाबाहेर माणसे मारीत होता.

शेतकरी आत्महत्यांविषयीही थोडक्यात हेच म्हणता येईल. टाटा समाज विज्ञान संस्थेने २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयास अहवाल सादर केला, २००६ मध्ये इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचा अहवाल आला. दोन्ही अभ्यास महत्त्वाचे होते आणि दोन्ही मुंबईहून आले. आपल्या पदव्युत्तर विभागांनी याच प्रश्नावर प्रबंध तयार केले ते बहुधा आपापल्या विषयाच्या साच्यात : मराठीत ‘कवितेतील आत्महत्येचे चित्रण’, अर्थशास्त्रात ‘पीककर्जाचा अभ्यास’. दोन्ही प्रबंधांच्या परिशिष्टांत कित्येकदा त्याच तालुक्यांची नावे असतात.

गुणांकनाचे गणित

आपले सहकारी हे का करीत नाहीत, याचे उत्तर आळस असे देणे अन्यायकारक होईल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांतील संशोधन गुणांकनाचा तक्ता पाहावा. समीक्षित नियतकालिकातील एका लेखास भाषा व सामाजिक शास्त्रांसाठी १० गुण, विज्ञान शाखांसाठी ८ गुण. दोन लेखक असतील तर प्रत्येकास ७० टक्के. दोहोंहून अधिक असतील तर प्रथम वा प्रमुख लेखकास ७० टक्के आणि इतरांस प्रत्येकी ३० टक्के. आता फवारणीच्या प्रश्नावर मराठी, प्राणिशास्त्र आणि अर्थशास्त्र यांच्या तीन प्राध्यापकांनी एक हंगाम एकत्र काम केले आणि एक चांगला लेख लिहिला असे समजू. मराठीचा प्राध्यापक प्रथम लेखक असेल तर त्यास ७ गुण, अर्थशास्त्राच्या प्राध्यापकास ३ आणि प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकास २.४. घरी बसून प्रत्येकाने एकेकटा लेख लिहिला असता तर १०, १० आणि ८ मिळाले असते. लेखकनामाचा गैरवापर थांबविण्यासाठी ही वजावट आली, हे मान्य. परंतु जी व्यवस्था एकीकडे आंतरविद्याशाखीय व्हा म्हणते आणि दुसरीकडे एकत्र येणाऱ्याचे गुण कापते, तिचे कोणते म्हणणे खरे मानावे?

सहमार्गदर्शकाची तरतूद कागदावर आहे. आंतरविद्याशाखीय विषयासाठी विभागाबाहेरील सहमार्गदर्शक नेमण्याची मुभा २०१६ च्या पीएच.डी. विनियमांनी दिली होती. २०२२ च्या विनियमांतही अन्य विभागातील वा संस्थेतील सहमार्गदर्शक घेता येतो. अडचण तरतुदीची नाही, सवयीची आहे. संशोधन आराखडा तपासणाऱ्या समितीतील प्रत्येक सदस्य एका विषयाचा असतो आणि आपल्या विषयाच्या हद्दीचे रक्षण करणे हे तो आपले कर्तव्य समजतो. प्रस्तुत लेखकाने एम.फिल.साठी कापूस लागवडीतील बोली शब्द आणि पीकपद्धतीतील बदल हा विषय मांडला होता. अन्यत्र, दुसऱ्या एका विद्यापीठात. ‘हे मराठी आहे की कृषी?’ असा प्रश्न विचारला गेला. पीकपद्धतीचे प्रकरण वगळून उरलेल्या शब्दसूचीवर पदवी मिळाली. आज ती सूची उघडली की शब्द आहेत, पण ते कोणत्या वाणाबरोबर आले आणि कोणत्या वाणाबरोबर गेले, हे त्यात नाही. तेवढेच सांगण्यासारखे होते.

आता एम.फिल.च राहिलेली नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये ती बंद करण्याची शिफारस होती आणि नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनी ती प्रत्यक्षात आणली. या पदवीच्या नावाने पुष्कळ सुमार काम झाले, हे ती धारण करणाऱ्यानेच कबूल करावे. तरीही पीएच.डी.चा जन्मभराचा जुगार न खेळता एखादा वेगळा प्रश्न चाचपून पाहण्याची ती एक लहानशी जागा होती. ती गेली.

पदव्युत्तर वर्गात काय शक्य आहे

तिची जागा काही अंशी नव्या पदव्युत्तर आराखड्याने भरून काढता येईल. राज्यात २०२३-२४ पासून लागू झालेल्या या आराखड्यात संशोधन पद्धतीसाठी ४, क्षेत्रीय प्रकल्प वा कार्यानुभवासाठी ४ आणि अखेरच्या दोन सत्रांतील संशोधन प्रकल्पासाठी ४ व ६ श्रेयांक आहेत. एवढा वेळ यापूर्वी एम.ए.च्या विद्यार्थ्यास प्रत्यक्ष कामासाठी कधी मिळाला नव्हता. त्यातील विसंगतीही नोंदविली पाहिजे : पदवीच्या वर्गात अन्य विद्याशाखेतील विषय घेण्याची सोय आहे, पदव्युत्तर वर्गात मात्र सर्व रचना मुख्य विषयाभोवती फिरते. ज्या वयात दुसऱ्या विषयाची भाषा समजण्याची कुवत येते, नेमक्या त्याच वयात ती खिडकी बंद होते. संशोधन पद्धती प्रत्येक विभाग आपली आपण शिकवितो, आणि नमुना निवड म्हणजे काय हे एकाच इमारतीत चार खोल्यांत चार वेळा सांगितले जाते.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जाईल, आणि तो घेतला जावा. आपल्या विद्यार्थ्यांची आपल्याच विषयातील बैठक कच्ची असताना त्यांना दुसऱ्या विषयाच्या अंगणात नेणे म्हणजे दोन्हीकडून अर्धवट राहणे नव्हे काय? प्रस्तुत लेखकास हा आक्षेप बराचसा मान्य आहे. विषशास्त्रावर चार परिच्छेद लिहिणारा मराठीचा प्राध्यापक हास्यास्पद होतो. तसे काही या लेखात झाले असेल तर वैद्यकाच्या जाणकारांनी ते जरूर दाखवावे. परंतु इनामगावचा धडा हाच आहे की कोणाला आपली खोली सोडावी लागत नाही. मराठीच्या विद्यार्थ्याने मुलाखत नीट घ्यावी, शब्द जसा उच्चारला तसा टिपावा, तो कोणत्या संदर्भात आला हे लिहावे. त्याने अळीची जात ओळखण्याची गरज नाही. ती ओळखणाऱ्याबरोबर त्याच दिवशी त्याच वावरात असण्याची गरज आहे. दोघांच्या वह्यांत तारीख, गट क्रमांक आणि पिकाची अवस्था या नोंदी सारख्या असल्या म्हणजे सुरुवातीला पुरे.

एवढ्याशा कामासाठी केंद्र, निधी किंवा सामंजस्य करार लागत नाही. लागते ते दोन विभागप्रमुखांचे एका तालुक्यावर एकमत, आणि त्यांनी एकमेकांच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प वाचण्याची तयारी. ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड आहे, असा अनुभव आहे.

गेल्या हंगामात प्रस्तुत लेखकाच्या दोन विद्यार्थिनी आणि प्राणिशास्त्राचा एक विद्यार्थी असे तिघे लोहाऱ्याजवळच्या पाच वावरांत डिसेंबर ते फेब्रुवारी दर शनिवारी गेले. फरदड का ठेवली, हे मुलींनी कास्तकारांच्या शब्दांत लिहून घेतले. त्याच झाडांवरील बोंडे फोडून मुलाने अळ्या मोजल्या. एका वावरात मालकाने ‘अळी नाही’ असे सांगितले आणि मोजणीत ती भरपूर निघाली. दुसऱ्या भेटीत त्याच मुलीने तेच पुन्हा विचारले तेव्हा तो म्हणाला की अळी आहे हे त्याला ठाऊक होते, पण हे लोक कृषी खात्याचे असतील असे त्याला वाटले होते. ही नोंद दोन्ही वह्यांत आहे. मुलाच्या वहीत ती ‘शेरा’ या रकान्यात आहे, आणि मुलीच्या वहीत तिने त्यासाठी एक पूर्ण पान घेतले आहे. दोन प्रकल्प वेगवेगळे बांधून सादर झाले. यंदा ती दोन पाने एकत्र ठेवून पुढील प्रश्नावली तयार करावयाची आहे, आणि या वेळी अर्थशास्त्राच्या विभागातूनही एक विद्यार्थी येण्यास तयार झाला आहे.